आपल्याकडे पानं लाल कधी होणार?

२०२५ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, चहा, पेपर, सगळं निवांत. आमची कन्या (वय वर्षं पाच, सीनियर केजी) डायनिंग टेबलवर मान खाली घालून रंगकाम करत बसली होती. शाळेतून आलेला कागद. वर मोठ्या अक्षरांत 'ऑटम', खाली एक झाड, झाडाखाली पानांचा ढीग, ढिगाशेजारी एक खार आणि तिच्या हातात ओकच्या झाडाचं फळ. पानं लाल आणि नारिंगी रंगवायची, असा बाईंचा हुकूम. पोरीने इमानदारीत सगळी पानं लाल केली. मग गॅलरीत गेली, खाली सोसायटीतल्या हिरव्यागार झाडांकडे बघितलं आणि आत येऊन विचारलं, "बाबा, आपल्याकडे पानं लाल कधी होणार?"

आता काय सांगणार? आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पावसाने धुतलेलं आभाळ, गुडघ्यापर्यंत गवत, पिवळी फुलं आणि दुपारी डोकं तापवणारी ऑक्टोबर हीट. आपली पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनात. म्हणजे पोरगी ज्या ऋतूचा अभ्यास करत होती तो हिंजवडीपासून सात-आठ हजार मैलांवर होता आणि जो खिडकीबाहेर होता त्याचा कागदावर पत्ता नव्हता.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघ. म्हणूनच म्हणत होते मी."

तर हे 'म्हणत होते मी' प्रकरण आमच्या घरात गेलं वर्षभर चालू आहे. पोरगी पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार. तिला शाळेत घालूच नये, घरीच शिकवावं, होमस्कूलिंग करावं असं बायकोच्या मनात आहे. सुरुवातीला मी ते हसण्यावारी नेलं. पण बायको माझ्यासारखी नाही, ती अभ्यास करून बोलते. पुण्या-मुंबईत होमस्कूलिंग करणारी बरीच कुटुंबं आहेत, त्यांच्यातल्या तिघांना ती भेटून आली. कायदा वाचला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय, पण तसं न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंगचा त्यात उल्लेखच नाही. पुढे दहावी-बारावीचं काय, तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे (१९८९ पासून), शिवाय आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. आणि मुंबईची ती मुलगी आठवते का? सातवीच्या सुमारास शाळा सोडून घरी शिकली, प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय थेट एमआयटीत गेली. आपल्या आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं, कारण बारावी नाही!

असो. ह्या सगळ्या मंडळींचं दैवत म्हणजे शार्लट मेसन नावाच्या एक इंग्रज बाई. १८८६ मध्ये त्यांचं 'होम एज्युकेशन' आलं. मूल घराबाहेर वाढावं, त्याने स्वतः बघावं, बघितलेलं वहीत चितारावं, पाठांतर कमी असा सगळा भर. एप्रिल ते ऑक्टोबर, हवा बरी असेल त्या प्रत्येक दिवशी मुलांना चार ते सहा तास बाहेर ठेवा, असं त्या सांगतात. मी बायकोला म्हटलं, "एप्रिलमध्ये साखऱ्याला चार तास पोरगी बाहेर ठेव, मग आपण बोलू." (साखरा म्हणजे माझं गाव. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. एप्रिलमध्ये तिथे बेचाळीस अंश आरामात होतं.) पण चेष्टा सोडा, बाईंचा मूळ मुद्दा मला पटलेला होता. आणि गंमत म्हणजे बायकोने इंटरनेटवरून जो 'शरद ऋतूचा निसर्ग-अभ्यास' छापून आणला होता, त्यातही तीच लाल पानं, तोच भोपळा आणि तीच खार! शाळा सोडली तरी खार पाठ सोडत नव्हती.

मग ठरवलं. नवरात्राला सुट्टी काढायची, लॅपटॉप बरोबर घ्यायचा आणि दहा दिवस साखऱ्याला राहायचं. पोरीला तिचा स्वतःचा शरद दाखवायचा. ट्रायल रन म्हणा हवं तर.

आईने घट बसवले त्या दिवशी पोरगी सकाळपासून तिच्या मागे मागे. शेतातली काळी माती आणली, चाळली, पत्रावळीवर पसरली. त्यात गहू, ज्वारी, हरभरा असं धान्य पेरलं. मधे पाण्याने भरलेला मातीचा घट. वर विड्याची पानं आणि नारळ. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पोरगी आधी घटाकडे. तिसऱ्या दिवशी पांढरे टोक दिसले. पाचव्या दिवशी बोटभर तुरे. "आजी, गव्हाचं पान बारीक आहे आणि हरभऱ्याचं वेगळंच आहे." मी शाळेत एकदल-द्विदल सहावी-सातवीत शिकलो असेन, तेही पुस्तकातल्या चित्रावरून. ती पाच वर्षांची पोर ते घटावर बघत होती. पाणी जास्त झालं की कुजतं, कमी झालं की सुकतं, झाकलं की पिवळं पडतं. कुणी सांगितलं नाही, तिने बघितलं.

रोजची माळ आणायला ती आबांबरोबर जायची. बांधावर तरवड पिवळाधमक फुललेला, कारळ्याची फुलं. आपटा आणि कांचन यांतला फरक आबांनी तिला हातात पानं देऊन दाखवला. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. पुण्यात दसऱ्याला रस्त्यावर आपटा म्हणून कांचन खपवतात, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं. परीट पक्षी नुकते उत्तरेकडून आले होते, ओल्या जागी शेपटी वरखाली करत पळत होते. पोरीने वहीत त्यांची चित्रं काढली. शेपटी अंगापेक्षा मोठी, पण काढली. एकाही चित्रात खार नव्हती.

बायको माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. बोलायची गरजच नव्हती. मला जवळजवळ पटलं होतं.

आता दुसरी बाजू. त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कसा कोसळला ते तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या, काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली. आमच्याकडे माती राहिली, पण ऐन काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं. एका सकाळी जरा उघाड पडली म्हणून आबा शेतात गेले, मागे मी आणि पोरगी. चिखल तुडवत ती पुढे पळाली आणि एका झाडाजवळ बसून ओरडली, "आबा, आबा! इथेपण घट उगवलाय!"

शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. वाळलेल्या शेंगेत सतत पाणी गेलं की दाणा आतच उगवतो. मग ते सोयाबीन कुणी घेत नाही, घेतलं तरी मातीच्या मोलाने. आबांनी एक शेंग तोडली, बोटाने फोडली, बघितली आणि टाकून दिली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हो बाई, उगवलाय."

घरातला कोंब आणि शेतातला कोंब, विज्ञान एकच. पण एकाची पूजा होते आणि दुसऱ्याने वर्षाचं गणित मोडतं. निसर्ग-अभ्यासाच्या पुस्तकात दुसरा कोंब नसतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडं अस्वस्थ वाटलं.

संध्याकाळी पारावर माझा शाळेतला मित्र भेटला. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर. त्याचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि हा त्या गाडीत, भांड्यांवर बसून. वर्गातून एकदम सात-आठ पोरं कमी व्हायची. पाडव्याच्या आसपास परत यायचा तेव्हा आम्ही भागाकारावर पोचलेलो असायचो आणि तो अजून हातच्यावर. पण बाकी ज्ञान विचारू नका. तितराची अंडी कुठे, घोरपडीचं बीळ कुठलं, कुठल्या ढगाने पाऊस येतो, कुठला नुसता हूल देतो. निसर्गाचा अभ्यास म्हणाल तर आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त त्याचा. कुटुंबाबरोबर राहून, ऋतूप्रमाणे, उघड्यावर. सातवीनंतर तो परत आला नाही. मी पुढे गेलो, इंजिनिअर झालो. मी जास्त हुशार होतो असं अजिबात नाही. माझ्या घरी चार एकर जमीन होती आणि त्याच्या घरी नव्हती, एवढंच.

आता तो आणि त्याची बायको मिळून एक कोयता. (ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसाला अवजाराच्या नावाने मोजायची पद्धत आमच्या आयटीतल्या 'रिसोर्स'पेक्षा जुनी आहे.) पाच-सहा वर्षांपूर्वी गावाकडे थोडी जमीन ठोक्याने केली होती, ह्या वेळी त्यातलं सोयाबीन गेलं, म्हणून मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळी झाली की निघायचं. बोलता बोलता मी आमचा होमस्कूलिंगचा विचार सांगितला. जरा ऐटीतच सांगितला, खरं म्हणजे.

"म्हंजे पोरीला शाळेत घालणारच न्हाईस?"

"नाही. घरी शिकवू. शेतात आणू. निसर्गातून शिकेल."

तो हसला. कुत्सित नाही, अगदी मनापासून हसला. म्हणाला, "निसर्गात तर माझी बी पोरगी जायली होती की. सहा महिने. नदी हाय, ऊस हाय, बैलं हायत, समदं हाय. म्या म्हातारीला मागं ठेवून जायलोय, पोरीची शाळा बुडू नये म्हून."

त्याची मुलगी दुसरीत आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तंबाखू मळत तो दुसऱ्याच विषयावर गेला, त्याच्या लेखी त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

रात्री आईला सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "मला बी निसर्गानंच शिकवलं. कापूस फुटला की माझी शाळा सुटली, ती सुटलीच." आई चौथीपर्यंत शिकली. वेचणीला हात लागायचे आणि हात मुलींचे असायचे. इतकी वर्षं मी हे ऐकलं होतं, पण त्या रात्री ते मला वेगळं ऐकू आलं. आमच्या भागात शरद हा पिढ्यान् पिढ्या शाळा सुटायचा ऋतू आहे. आणि मी त्याच ऋतूत, त्याच गावात, पोरीला शाळेबाहेर ठेवण्याची ट्रायल रन घेत होतो!

तुम्ही म्हणाल, दोन्हींची तुलना होत नाही. नाइलाज वेगळा, निवड वेगळी. मान्य. पण माझा मुद्दा तोच आहे. निवड कुणाला करता येते?

परत आल्यावर मी जरा वाचन केलं. घरी शिकलेलं आणि निसर्गात वाढलेलं मराठी माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पहिलं नाव येतं पंडिता रमाबाईंचं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, त्यावरून समाजात विरोध झाला आणि ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म तिथला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेत पुराणं सांगत पायी फिरलं आणि त्या फिरतीवर आईने मुलीला संस्कृत शिकवलं. शाळा नाही, वर्ग नाही, भिंती नाहीत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या ह्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. होमस्कूलिंगची ह्यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?

पण ह्या गोष्टीत दोन जागा आहेत, तिथे थांबायला हवं. एक म्हणजे १८७० च्या दशकातला दुष्काळ. पुराणं सांगून पोट भरेना. वडील, आई आणि थोरली बहीण, तिघंही हालअपेष्टांत गेले. निसर्ग तिथेही दोन्ही रूपांत होता. आणि दुसरी म्हणजे रमाबाईंनी पुढे काय केलं. १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात हे मांडलं. अमेरिकेत गेल्या तेव्हा फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकून आल्या. आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं. म्हणजे घरी शिकलेल्या सर्वांत मोठ्या मराठी विदुषीने आयुष्याचं काम म्हणून शाळा काढली. ज्या मुलींना शिकवायला घरी अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई नव्हत्या, त्यांच्यासाठी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं नाव ताराबाई मोडकांचं. गिजुभाई बधेकांच्या सहकारी. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. मॉन्टेसरीची महागडी साधनं इथल्या गरिबाच्या पोरांना कशी परवडणार, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं (तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर). मोजायला बिया आणि खडे, रंग ओळखायला पानं-फुलं, आकार शिकायला शिंपले. साधनं सगळी आसपासची, फुकटची. मूल बालवाडीपर्यंत येत नाही? मग बालवाडी त्याच्या अंगणात. ही अंगणवाडीची कल्पना. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळा कुरणात. गुरं चरतायत, पोरं शिकतायत, बाई शिकवतायत. त्याला नावही किती छान दिलं, कुरणशाळा!

कुरणशाळेबद्दल वाचताना मला माझ्या घोळाचं उत्तर सापडलं. मूल शाळेतून रानात नेणं आणि शाळाच रानात नेणं, दिसायला ह्या गोष्टी सारख्या. पोरगी दोन्हीकडे झाडाखालीच बसलेली असते. पण पहिलीचा फायदा माझ्या एका मुलीला. दुसरीचा, गुरं राखणाऱ्या प्रत्येक पोराला. ताराबाई आणि अनुताईंना निसर्ग हवा होता तो शाळेला पर्याय म्हणून नव्हे. त्यांना शाळेपर्यंत न पोचणाऱ्या मुलापर्यंत शाळा पोचवायची होती. आज साखर कारखान्यांजवळच्या साखरशाळा किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं, ही त्याच विचाराची लेकरं आहेत. कुठे नीट चालतात, कुठे नुसती कागदावर. पण विचार तोच.

आता जरा आमच्या भाषेत बोलतो. आम्ही प्रॉडक्शनवर काही प्रयोग केला की आधी विचारतो, रोलबॅक आहे का? बिघडलं तर मागे येता येईल का? आमच्या होमस्कूलिंगला रोलबॅक आहे. दोन वर्षांनी नाही जमलं तर फी भरू आणि कुठल्यातरी शाळेत घालू. घरात पुस्तकं आहेत, इंग्रजी आहे, दोन इंजिनिअर आहेत, वाय-फाय आहे. माझ्या मित्राच्या मुलीला रोलबॅक नाही. तिच्या दुसरीचे सहा महिने गेले की गेले. बापाचे गेले तसेच. म्हणून 'शाळेत काय ठेवलंय' हे वाक्य माझ्या तोंडी शोभतं आणि त्याच्या तोंडी कधीच येत नाही.

आणखी एक खाजगी कबुली. आमच्या घरच्या होमस्कूलिंगच्या एक्सेल शीटमध्ये (हो, होती) सोमवार ते शुक्रवार बायकोचं नाव होतं आणि शनिवार-रविवार माझं. म्हणजे नोकरी कुणी सोडायची हे चर्चा न होताच ठरलं होतं! कल्पना तिची होती हे खरं, पण शीट मी बनवली होती. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं, माझ्या आईने सुनेला घट शिकवले. 'घरचं शिक्षण' म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईचं आणखी एक काम. हे बोलल्यावर आमच्या घरी दोन दिवस थंड युद्ध चाललं, पण ते दुसऱ्या लेखाचा विषय.

गैरसमज नको. होमस्कूलिंग करणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्या मुलाला शाळेत त्रास होतो, ज्याच्या गरजा शाळेला झेपत नाहीत, त्याच्या आई-बापांनी काय करावं हे मी कोण सांगणार? पण आमच्यासारखे, ज्यांची मुलं शाळेत नीट हसतखेळत जातात आणि तक्रार फक्त त्या लाल पानांची आहे, त्यांनी थोडं थांबून विचार करावा. आपण बाहेर पडलो की शाळेशी भांडणारा एक पालक कमी होतो. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात किमान पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. ही खुर्ची आपल्यासाठी आहे. आपल्यातले किती जण तिच्यावर कधी बसले? कंपनीत साध्या कॅन्टीनच्या उपम्यावरून आपण पानभर मेल लिहितो!

आणि मागायला फार मोठं काही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत. सुतार, माळी, कुंभार अशांकडे जाऊन शिकायचे. पण दहाच का आणि सहावीपासूनच का? घटस्थापना ते दसरा, प्रत्येक वर्गात एक पत्रावळ, एक ओंजळ माती आणि पाच धान्यं ठेवायला किती खर्च येतो? देवाचं नको असेल तर देवाचं करू नका, रोज पट्टीने मोजा आणि आलेख काढा. शाळेच्या आवारातल्या एका झाडाची वर्षभर नोंद ठेवा. फूल कधी, शेंग कधी, पान कधी गळलं. लाल पानांचा कागद फाडायची गरज नाही. जगात कुठेतरी पानं खरंच लाल होतात, तेही कळू दे. फक्त शेजारी आपल्या ऋतूचा कागद असू दे. आणि त्या कागदावर शेंगेतला कोंबही असू दे, मुलं समजतात तेवढं.

तर आमचं ठरलंय. पोरगी जूनमध्ये घराजवळच्या एका साध्या मराठी शाळेत पहिलीत जाईल. मी बाईंना भेटून आलो, पत्रावळीची कल्पना सांगितली. त्या म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे, पण माती तुम्ही आणून द्याल का?" आता आली का पंचाईत! आणून देईन म्हणालो. ते एक्सेल शीट बदललं, त्यात आता फक्त शनिवार आहेत, दोघांच्या नावावर आळीपाळीने. आणि दसरा ते दिवाळी जेवढी सुट्टी मिळेल तेवढी साखऱ्याला.

दसऱ्याच्या दिवशी आईने घटातले तुरे काढून आबांच्या टोपीत खोचले, एक पोरीच्या वेणीत. सीमोल्लंघनाला आम्ही शिवेपर्यंत गेलो, आपट्याचं सोनं वाटलं. मित्राची मुलगी पण आली होती. आमच्या कन्येने तिला विचारलं, "तुझी शाळा कशी आहे?" ती म्हणाली, "चांगली हाय. खिचडी असती. बाईनं मला पाढे म्हणायला उभं केलं व्हतं." आणि मग रस्त्यात उभं राहून तिने बेचा पाढा म्हणून दाखवला. पूर्ण, न अडखळता. तिचा बाप बाजूला उभा राहून ऐकत होता. बेचा पाढा मी आयुष्यात हजारदा ऐकला असेल. पण त्या माणसाने तो ज्या चेहऱ्याने ऐकला, तो मी पुण्यात कुठल्याही पालकसभेत बघितलेला नाही.

परतीच्या गाडीत पोरगी म्हणाली, "बाबा, मी पण पाढे शिकणार." मी म्हटलं, शिक की. आणि पानांचं? तर फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत. बांधावरच्या पळसाची पानं तेव्हा गळलेली असतात आणि झाड लालभडक फुलांनी पेटलेलं असतं. लाल पाहिजे होतं ना तिला, लाल दाखवू. आपल्या वेळेला, आपल्या झाडावर.